घोडी नव्हे, मीच कलले होते

मैत्रिणींनो, आज आमची घोडी निपाणीच्या बाजारात विकली जाणार होती. ती सारखी डावीकडं ओढते, अशी तक्रार मीच काकांकडं केली होती.

माझ्या आजोबांनी, आप्पांनी, संस्थानच्या पागेत कितीतरी घोडे तयार केलेले. सध्या पाय मोडून खाटेवर आहेत. म्हणाले, "न्यायच्या आधी एकदा माझ्यासमोर तिच्यावर बस बघू."

अर्ध्या फेरीतच ते ओरडले, "घोडी न्हाय गं, तूच डावीकडं कललीयास! लगामबी डाव्याच हातानं ओढतीस."

मी दोन्ही पाय रिकिबींत रोवून सारखा भार दिला, डावा हात सैल सोडून दोन्हीकडचा लगाम सारखा धरला. घोडी सरळ वेशीपर्यंत गेली.

"काका, हिला ऱ्हाऊ दे. उद्या तंबाखूच्या शेताला मी हिच्यावरनंच जाणार."

महिनाभर तिनं माझा चाबूक उगाच खाल्ला. आपली चूक मुक्या जनावराच्या माथी तुम्हीही कधी मारलीत का?