कापलेली पट्टी

देवासमोर हात जोडतो, तेवढाच माझा न दिसणाऱ्या गोष्टींशी संबंध. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी चेष्टा करणारा माणूस. तरीही हे लिहितोय...

शारजात माझं फ्रेमिंगचं छोटं दुकान होतं. २००१ चा हिवाळा. माझा मेहुणा सुहास हमरिया बंदरातल्या एका बार्ज कंपनीत, त्यांच्या सपाट मालवाहू बोटींवर कामाला होता. त्यांच्या ऑफिसातलं पोस्टर तो नव्या फ्रेमसाठी माझ्याकडे घेऊन आला. जुनं फ्रेंच चित्र — खवळलेला समुद्र, तराफ्यावर अर्धमेली माणसं, एक जण कापड हलवतोय. कागद तयार फ्रेमपेक्षा तीन बोटं जास्त होता. असं झालं की आम्ही सरळ कडेची पट्टी कापतो. गिऱ्हाइकाला कळतही नाही.

सुहासला कळलं. "भावोजी, इथे लांबवर एक जहाज होतं ना?"

"ठिपका होता रे. कोण बघतंय!"

"आम्ही रोज बघतो. तेच तर त्यांना वाचवणार."

"खलास आता. यल्ला, चल, घेऊन जा," मी हसत म्हणालो.

पंधरवड्याने वादळात त्यांची बार्ज बुडाली. सुहास धरून सहा जण बेपत्ता. बायकोने अन्न सोडलं. दुसऱ्या दिवशी चौकशीला ऑफिसात गेलो, तर भिंतीवर तेच चित्र... दुकानात येऊन कपट्यांचं खोकं उपसलं. पट्टी सापडली. खिशात घालून परत ऑफिसच्या दारापर्यंत गेलो आणि मागे फिरलो. लाज वाटली. लोक काय म्हणतील!

तिसऱ्या दिवशी दुपारी मात्र राहवलं नाही, पुन्हा ऑफिसात गेलो. कुणाचं लक्ष नाही असं बघून ती पट्टी फ्रेमच्या उजव्या कडेवर सेलोटेपने चिकटवली. तीन वाजले होते.

साडेतीनला फोन आला. एका जहाजाला तराफा दिसला होता. पाच जण जिवंत. त्यांत सुहास नव्हता.

वाचलेल्यांपैकी बार्जवरचा केरळी कुक त्याच रात्री मला हॉस्पिटलात भेटला. म्हणाला, "पहले दिन जहाज आया था, भाई. हम सब शर्ट हिलाया. सामने आते-आते एकदम कट गया... कैंची से जैसा. आज दोपहर को उधर ही वापस दिखा."

"और सुहास?"

"सुबह तक था. एक ही बात बोलता था — भावोजी, जोडा ना, जोडा. ये भावोजी कौन है?"

"माहीत नाही," मी मराठीतच बोलून गेलो.

योगायोग म्हणा, तहानेने झालेले भास म्हणा. मीही म्हणून बघितलं, पटत नाही. पट्टी आदल्या दिवशीच माझ्या खिशात होती, हे बायकोला अजून सांगितलेलं नाही.