टोचणाऱ्या जावयाला टोचलं तेव्हा

आमचे जावई जनावरांच्या दवाखान्यात कुत्र्यांना लस टोचतात. दिवसाला चाळीस. चावरं कुत्रंही त्यांच्यापुढे मान टाकतं. कुणी मालक कुरकुरला, तर त्याला ते बाकावर बसवून समजावतात. पिसाळलेलं कुत्रं चावलं की लाळेतला विषाणू जखमेतून शिरतो आणि नसांच्या बोळांतून, चाहूलही न लागू देता, मेंदूकडे निघतो. तिथे पोचला की डॉक्टरांच्या हातात काही उरत नाही. लस म्हणजे बोळाच्या तोंडाशी आधीच बसवलेला पहारा. हे ऐकून, घरात कुत्रं नसताना मलासुद्धा लस घ्यावीशी वाटते.

स्वतः जावयांनी मात्र घेतली नव्हती. टोचायला ते वाघ. टोचून घ्यायचं म्हटलं की शेळी. तीन महिने आज सर्दी, उद्या पाहुणे असं चाललं होतं. मला घोर लागला होता, यांना काही झालं तर माझ्या लेकीनं काय करायचं? तशात एका कुत्र्यानं त्यांचा हातमोजा फाडला. कातडीला ओरखडाही नव्हता, पण त्यांच्या दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, या आठवड्यात डोस सुरू करा, नाहीतर कुत्री बंद, कायमचं औषधांच्या गोदामात. कुत्री बंद म्हटल्यावर जावयांचं जेवणच उडालं.

लेकीला रजा नव्हती, म्हणून माणसांच्या दवाखान्यात त्यांच्याबरोबर मी गेले. त्यांनी फॉर्म भरला. नर्सनं तो वाचला आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"सोबत आलेल्या व्यक्तीशी नातं, मालकीण. तुम्हीच का?"

कुत्र्यांचे फॉर्म भरायच्या रोजच्या सवयीनं जावयांचा हात चालला होता. मी सांगितलं, मी सासू. मालकीण कामावर गेलीय.

"आणि इतर माहितीत लिहिलंय, चावत नाही. मग धरायला कुणी नको ना?"

"धरा," जावई डोळे मिटून म्हणाले.

मी खांदा धरला. सुई जाऊन आली, कापूस लागला, तरी ते दात आवळून बसलेलेच. झालं म्हणून दोनदा सांगावं लागलं.

बाहेर पायरीवर त्यांनी पुढच्या डोसची तारीख मला लिहून घ्यायला लावली.

"आई, त्या दिवशीही तुम्हीच या. हिला नको, ही हसते."

बरं म्हटलं, आणि घरी पोचून मोरीचं दार लावेपर्यंत हसू कसंबसं दाबून धरलं.