नानांची गाडी आणि वहिनींचं माहेर

जुनी गाडी घरच्या घरी दुरुस्त करायला घेतली की गाडी दुरुस्त होवो न होवो, किस्से मात्र ढिगाने होतात. आमच्या पारनेरच्या गल्लीत, नानांच्या पोर्चमध्ये, दर रविवारी एक तरी व्हायचाच. टपरीवर मी ते सांगायला लागलो की लोक पोट धरून हसतात. पूर्वी मीही हसायचो. हल्ली सांगता सांगताच माझं डोकं तापतं. तरी सांगतो. राग आला म्हणून चांगला किस्सा वाया का घालवायचा!

आधी मंडळी ओळखून घ्या. नाना म्हणजे सरकारी कचेरीतून रिटायर झालेले गृहस्थ, पांढऱ्या जुन्या गाडीचे मालक. भाऊसाहेबाचं पाण्याच्या मोटारींचं दुकान, म्हणून तो मेकॅनिक. कुलकर्णी सरांनी शाळेत विज्ञान शिकवलं, म्हणून ते इलेक्ट्रिशियन. मी विम्याचा एजंट. मला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, म्हणून बॅटरीचा उजेड धरायला माझी नेमणूक! आणि वहिनी, म्हणजे नानांची बायको. त्या चहा आणून द्यायच्या आणि दर वेळी एकच विचारायच्या, "आन मग, भंडारदऱ्याला कधी जायचं?"

वहिनींचं माहेर तिकडचं. थोरले भाऊ आण्णा दम्यानं अंथरुणाला खिळलेले, आणि बहिणीला बघायचं म्हणून फोनवर सारखे हाका मारायचे. वहिनींचे गुडघे गेलेले, एसटीची पायरी चढवत नाही. म्हणजे जायचं तर नानांच्या गाडीनंच. आणि नानांची गाडी गळत होती.

*

ऑइल नक्की कुठून गळतंय हे शोधायला नानांनी स्वतःची पद्धत काढली. संध्याकाळी गाडी लावली की खाली जुन्या लग्नपत्रिका पसरायच्या. आपल्याकडे घरोघरी त्यांचा गठ्ठा असतोच, वर गणपती असतो म्हणून रद्दीत द्यायला कुणाचा हात धजत नाही. नाना भाविक माणूस. ते आधी कात्रीनं गणपती कापून देव्हाऱ्यात ठेवायचे, आणि उरलेले वधू, वर, आईबाप गाडीखाली!

सकाळी चष्मा लावून निदान. थेंब वधूच्या बाजूला पडला तर इंजिनच्या माथ्यावरच्या टॅपेट कव्हरचं पॅकिंग, वराच्या बाजूला पडला तर तळाचं ऑइलचं चेंबर.

एकदा त्यांनी पसरली ती वहिनींच्या भाच्याची पत्रिका. त्या लग्नालाही वहिनी जाऊ शकल्या नव्हत्या, कारण तेव्हा पुण्याहून ऑइल सील यायचं होतं. सकाळी नाना आनंदानं ओरडले, "अगं ये, ये! आज एकच थेंब! त्योबी नेमका आण्णांच्या नावावर!"

वहिनींनी पत्रिका उचलली आणि पदरानं पुसली. डाग आणखीच पसरला. त्या पत्रिका घेऊन आत गेल्या. त्या दिवशी आम्हाला चहा मिळाला नाही.

*

मग नानांनी ठरवलं, गळतीचा निकालच लावायचा. सीलंटची अख्खी ट्यूब आणली आणि भाकरीला लोणी लावावं तशी चेंबरच्या कडेला थापली. गळती बंद! नाना छाती काढून गल्लीभर फिरले.

दोन दिवसांनी डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा लागला. भाऊसाहेब आला, त्यानं बॉनेट उघडलं, ऑइलच्या सेन्सरची वायर ओढून काढली. दिवा गेला.

"झाली दुरुस्त!" हात पुसत भाऊसाहेब म्हणाला.

वहिनी दारातच उभ्या होत्या. म्हणाल्या, "आसं व्हय? मग आमच्या आण्णाचं तोंड बांदून या. खोकला बंद हुईल."

इंजिन आतून खडखड वाजायला लागलं तेव्हा शेवटी चेंबर खाली उतरवलं. आत सीलंटच्या गाठी ऑइल ओढणाऱ्या जाळीत अडकून बसलेल्या. ऑइल वर चढतच नव्हतं.

"पन गळत न्हवतं का न्हाई?" नाना म्हणाले.

वर चढेना ते गळणार कुठून, हे त्यांना कुणी सांगायचं!

*

प्रत्येक दुरुस्तीनंतर ट्रायल. ट्रायल म्हणजे आम्ही चौघांनी गाडीत बसून हायवेवरच्या हॉटेलात मिसळ खायला जायचं. आता खरं सांगतो, मिसळीच्या रस्त्यावर ही गाडी एकदाही बंद पडली नाही. दिवा लागला नाही, थेंब गळला नाही. येताना नाना वहिनींसाठी पार्सल आणायचे. नवऱ्यानं आठवणीनं आणलं म्हणून बाईनं खूश व्हावं, ही अपेक्षा!

एकदा वहिनींनी विचारलं, "मिसळीला जाती ती गाडी भंडारदऱ्याला का जात न्हाई वो?"

"ते लांब पडतंय. ट्रायलला जवळचं बरं."

"मग आण्णालाच हाटेलात आनून बसवा."

कुलकर्णी सर हसले. मला मात्र हातातलं पार्सल कुठं ठेवावं कळेना.

*

मी एकदा न राहवून बोललो. म्हटलं, "नाना, भाड्याची गाडी करून देतो. सकाळी निघतील, संध्याकाळी परत."

नाना लालबुंद झाले. "दारात सोताची गाडी उभी आसताना बायकोला भाड्याच्या गाडीनं माहेरी धाडू? तिथं लोक म्हनतील, जावयाची गाडी बंद पडली!"

"पडलीच आहे ना?"

"बंद न्हाई. दुरुस्तीला हाय!"

या माणसाचा जावईपणा अजून उतरला नव्हता. तिकडे मेव्हणा एकेक श्वास ओढत होता आणि हे रुबाब सांभाळत होते. भाऊसाहेबानं मला डोळ्यानं खुणावलं, गप बस. मी बसलो. आमच्या टोळीचा तो नियमच होता, नवरा-बायकोच्या मधे पडायचं नाही. बॉनेट आणि इंजिनच्या मधे मात्र सगळे पडायचे!

*

दसऱ्याचा किस्सा तर कळसच. उंदरांनी इंजिनच्या सेन्सरच्या वायरी कुरतडून टाकल्या होत्या. कुलकर्णी सरांनी मोबाईलवर आकृती बघून दिवसभर एकेक रंगाची वायर जोडली. गाडी सुरू झाली, एकही दिवा लागला नाही. नाना म्हणाले, "उद्या दसऱ्याची पूजा करायची आन थेट भंडारदरा!"

वहिनींना आधी खरंच वाटेना. मग त्यांनी शेंगदाण्याचे लाडू वळले, आण्णांना आवडतात म्हणून. नवी साडी नेसून, पिशवी घेऊन त्या सकाळीच पोर्चमध्ये खुर्ची टाकून बसल्या. इतक्या वर्षांत त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

नानांनी बॉनेट उघडलं. झेंडूचा हार घातला, हळदीकुंकू वाहिलं. आणि आता माणूस नारळ कुठं फोडेल? चाकापुढं, दगडावर. नाना म्हणाले, "सगळा तरास इंजिनानं दिलाय, मान त्येलाच!" आणि नारळ आपटला थेट इंजिनाजवळच्या लोखंडी पट्टीवर! पाणी धारेनं त्या नव्या जोडलेल्या वायरींत. सरांनी टेप लावायची बाकी ठेवली होती.

गाडी सुरूच होईना. कुलकर्णी सर शांतपणे म्हणाले, "नारळाच्या पाण्यात क्षार असतात. त्यातून वीज चांगली वाहते."

वहिनी उठल्या. "देवाला नारळ, उंदराला वायर," त्या म्हणाल्या, "आन आण्णाला काय?"

लाडवांचा डबा त्यांनी आमच्या पुढ्यात ठेवला आणि आत जाऊन दार लावून घेतलं. लाडू चांगले झाले होते, हे सांगायलाही लाज वाटते.

*

आणि हिवाळ्यात गाडी खरोखर दुरुस्त झाली! नवं पॅकिंग, नवं सील, वायरींना टेप. सकाळी पत्रिका कोरी करकरीत. दिवे सगळे बंद. आम्ही टाळ्या वाजवल्या. वहिनींनी चहा आणला आणि नेहमीचं विचारलं.

नानांनी गाडीवर नवं कव्हर चढवलं. म्हणाले, "एवढी झ्याक झालीया, आन लगेच चंदनापुरीच्या घाटात घालू? परत गळाया लागंल. थंडी सरू दे."

थंडी सरली. मग म्हणाले ऊन फार आहे, इंजिन तापेल. रोज सकाळी कव्हर काढायचे, पुसायचे, परत घालायचे. मी रविवारी जायचंच सोडलं. बघवत नव्हतं.

मग एक दिवस सकाळी सकाळी भाच्याचा फोन आला. आण्णा गेले. आत्या आल्याशिवाय उचलणार नाही, लवकर या.

नानांनी कव्हर काढलं. वाटेत काही झालं तर असू द्या म्हणून भाऊसाहेब आणि मी हत्यारांची पेटी घेऊन मागे बसलो. पेटी उघडायची वेळच आली नाही. घाट असा चढली गाडी की काय सांगू! वहिनी पुढच्या सीटवर, खिडकीबाहेर बघत. नाना अधूनमधून डॅशबोर्डवर बोट ठेवून सांगत होते, "बघ, येकबी दिवा न्हाई."

अंगणात गाडी थांबली. आण्णांना बाहेर आणून ठेवलेलं, भोवती बायका. वहिनी दार धरून, गुडघा सावरत उतरत होत्या. आणि नाना? नाना दुसऱ्या बाजूनं उतरले, दोन्ही हात जमिनीला टेकले, वाकून गाडीखाली बघितलं, आणि भाऊसाहेबाला म्हणाले, "थेंब न्हाई!" हळूच म्हणाले, पण अंगण इतकं शांत होतं की सगळ्यांना ऐकू गेलं.

भाचा धावत आला. आत्याचा हात धरून त्यानं विचारलं, "आत्या, वाटंत गाडीनं तरास न्हाई ना दिला?"

वहिनींनी पदर डोक्यावर घेतला.

"न्हाई रं बाळा. लई गुनाची गाडी हाय. मानूस मेल्याबिगर हालत न्हाई."