सत्काराचा नारळ

आमच्या प्राचार्यांच्या कारकिर्दीत कॉलेजात एकही वाईट गोष्ट घडली नाही. हे मी मनाचं सांगत नाही, दर महिन्याला निघणाऱ्या ‘प्राचार्यांच्या निवेदना’त तसं छापलेलं आहे. ते निवेदन सूचनाफलकावर लागायचं, सगळ्यांच्या फोनवर यायचं आणि परळच्या नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्यालाही वाचावं लागायचं, कारण प्रती तोच काढायचा. कॉलेजने काय काय कमावलं आणि समाजाशी कसकशी भागीदारी केली, असे त्याचे दोन भाग असत. ग्रंथालयाच्या छताचा गिलावा पडला तेव्हा बाकीचे लोक डोक्यावर हात धरून बाहेर पळाले. सर तेवढे आत गेले, मान वर करून उभे राहिले आणि मला म्हणाले, “गुरव, उंची वाढल्यासारखी वाटते, नाही?” त्या महिन्यात ग्रंथालय ‘अधिक प्रशस्त’ झालं. लिफ्ट बंद पडली, ती ‘आरोग्य अभियाना’त जमा झाली, त्या अभियानाचे पहिले लाभार्थी आमचे अकाउंट्सचे हृदयविकारी सर. कॅन्टीनवाला कंटाळून निघून गेला, तर ‘घरच्या डब्याच्या संस्कृतीचे पुनरुज्जीवन’ झालं. भूगोलाच्या खोलीच्या काचा फुटून कबुतरं आत राहायला आली तेव्हा आम्हाला पक्षीनिरीक्षण केंद्र मिळालं. निरीक्षणाचे परिणाम विद्यार्थ्यांच्या शर्टांवर लगेच दिसू लागले.

हे सगळं मराठीत नीट लिहून काढायचं काम माझं. मी तिथे मराठी शिकवतो. सरांनी मला निवडलं तेव्हा कारण दिलं होतं, “तुम्ही तालुक्याच्या शाळेत शिकलात. तुम्हाला खोटं लिहिता येत नाही, त्यामुळे तुम्ही लिहिलेलं लोकांना खरं वाटेल.” इतका भाबडा कट मी दुसरा पाहिलेला नाही.

पण सरांचा खरा जीव भागीदारीत. गिरगावातलं त्यांचं घराणं पिढ्यान् पिढ्या सरकारी कचेऱ्यांत वाढलेलं, त्यामुळे सही आणि शिक्का दिसला की त्यांना देव दिसल्याचा आनंद होई. दिसेल त्याच्याशी ते सामंजस्य करार करत. भोईवाड्यातल्या लाँड्रीवाल्याशी ‘वस्त्र-व्यवस्थापन’ विषयात झाला. माटुंग्याच्या बाजारातल्या फुलवाल्या अण्णांशी ‘हरित सहकार्य’ झालं. त्या करारान्वये अण्णांनी सरांच्या टेबलावर एक कुंडी ठेवली आणि पाणी घालायची जबाबदारी आमच्याकडे आली. शेजारच्या व्यायामशाळेशी ‘क्रीडा व संस्कृती’चा करार होता. तिचे अध्यक्ष बाळा परब करारावर सही करताना म्हणाले, “प्राचार्य, ह्यात आमी करायचं काय?” सर म्हणाले, “काहीच नाही.” परब खूश झाले. “मग टेन्शन नाय. दोन प्रतींवर करतो सही.” या कराराचं फलित एकच. लिफ्ट बंद असताना व्यायामशाळेच्या पोरांनी आमचं लोखंडी कपाट तिसऱ्या मजल्यावर नेऊन दिलं. तेही चुकून, आम्हाला ते खाली हवं होतं.

प्रत्येक कराराला शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार व्हायचा. शाल एकच होती आणि नारळही एकच. फोटो निघाला की आमचे शिपाई गावडेमामा पुढे होत, पाहुण्यांच्या खांद्यावरची शाल अलगद उचलत, हातातला नारळ काढून घेत आणि दोन्ही ऑफिसच्या कपाटात ठेवत. पाहुण्यांना वाटे, आपल्याला ओझं होऊ नये म्हणून ही माणसं किती काळजी घेतात. असे कित्येक सत्कार करून करून तो नारळ आतून सुकला आणि खुळखुळू लागला. पाहुणे तो कानाशी नेऊन हलवून पाहत. सर गंभीरपणे सांगत, “अनुभवी आहे.”

कफ परेडच्या मच्छीमार नगरात ‘सागरी अध्ययन’ करार झाला, तेव्हा मात्र प्रसंग बाका आला. आमच्याकडे विज्ञान शाखाच नाही, पण अशा किरकोळ बाबीवर सर कधी अडत नसत. दिवस नारळी पौर्णिमेचा. सत्कार झालेल्या मावशी नारळ घेऊन थेट पाण्याकडे निघाल्या. त्यांना वाटलं, कॉलेजने दर्याला द्यायलाच आणलाय. गावडेमामा मागे धावले, “अगो बाय, थांब गे! तो नारळ हापिसचो हा!”

मावशी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. “दर्याला देतंस आणि परत मागतंस? लाज हाय का?”

शेवटी मामांनी शेजारून नवा नारळ आणून समुद्राला दिला आणि जुना काखोटीला मारून परत आणला. मावशींनी सरांना सुक्या बोंबलांची मोळी भेट दिली. पुढचा महिनाभर ऑफिसात सागरी अध्ययन इतकं जोरात चाललं, की पालक दारातूनच चौकशी करून परत जात.

आता मी ज्यांची अशी टिंगल करतो आहे, त्यांच्यामुळेच मी पदवीधर झालो, हेही सांगितलं पाहिजे. गावाहून आलो तेव्हा दिवसा दादरला एका दुकानात कापडाचे तागे उलगडायचो आणि संध्याकाळी याच कॉलेजच्या सांज वर्गाला यायचो. सर तेव्हा प्राचार्य नव्हते, आम्हाला राज्यशास्त्र शिकवायचे. वर्गाच्या दारात उभे राहून प्रत्येकाला विचारायचे, “या. दमलात का? मागच्या पंख्याखाली बसा, तो जरा बरा आहे.” दिवसभरात आमच्याशी ‘अहो-जाहो’ करणारा तो एकच माणूस. मी पदवीधर झालो तोवर सर प्राचार्य झाले होते. त्यांनी माझ्या वडिलांना गावाहून बोलावून घेतलं आणि सत्कार केला. आमच्या घरात त्याआधी कोणाचा सत्कार सोडाच, कोणी खुर्चीवर बसवूनही बोललं नव्हतं. गावडेमामा सवयीने पुढे झाले. नारळ वडिलांनी निमूट दिला, शाल मात्र दोन्ही हातांनी छातीशी धरून ठेवली. सर हळूच म्हणाले, “गावडे, शाल राहू द्या.” पुढच्या महिन्यात एका नगरसेवकाचा सत्कार ऑफिसच्या टेबलक्लॉथवर भागला, आणि निवेदनात ‘ग्रामीण भागाशी वस्त्र-सहकार्य’ अशी नोंद आली.

मग सरांच्या निवृत्तीच्या वर्षी संस्थेने ठरवलं की जूनपासून सांज वर्ग बंद. मुलं कमी येतात आणि त्या खोल्या व्यवस्थापनाच्या नव्या अभ्यासक्रमाला हव्यात. सरांना मुदतवाढ मिळण्याची शक्यता होती आणि ती द्यायची की नाही हे त्याच संस्थेच्या हातात होतं. प्रजासत्ताक दिनी झेंडावंदनानंतर वार्षिक निवेदन वाचलं जाई. सरांनी मला बोलावून मजकूर सांगितला, “लिहा. दिवसाच्या विभागाचे सक्षमीकरण.” मी लिहून घेतलं. दारात सुजाता उभी होती. ती हॉस्पिटलसमोरच्या औषधांच्या दुकानात काम करायची आणि सांज वर्गात दुसऱ्या वर्षाला होती. तिने विचारलं, “सर, माझं शेवटचं वर्ष मी कुठे करू?”

सरांनी तोंड उघडलं. त्यांच्याकडे प्रत्येक आपत्तीला एक शब्द असायचा. त्या दिवशी सापडला नाही. म्हणाले, “बघू हां, बाळ.” मग उठून कुंडीतल्या वाळलेल्या रोपाला पाणी घातलं.

झेंडावंदनाला पहिल्या रांगेत सगळे भागीदार होते. लाँड्रीवाला, अण्णा, मावशी, पांढऱ्या शर्टातले परब. मंचावर संस्थेचे अध्यक्ष. सरांनी निवेदन वाचायला सुरुवात केली. पक्षी झाले, डबे झाले, आरोग्य झालं. सक्षमीकरणाचा परिच्छेद आला आणि सरांनी चष्मा काढला.

“यावर्षी आपल्या कॉलेजात एक वाईट गोष्ट घडली,” ते म्हणाले. “संध्याकाळचे वर्ग बंद होत आहेत. दिवसभर राबून शिकायला येणाऱ्यांना आपण दार लावतो आहोत. मी बराच विचार केला, पण यात मला चांगलं काही दिसलं नाही.”

आणि खाली बसले. टाळ्या कुठे वाजवायच्या हे कोणालाच कळेना. अध्यक्षांनी आभार मानले आणि मुदतवाढीची वाट तिथेच बंद झाली. चहाच्या टेबलाशी परब सरांच्या जवळ आले. इतकी वर्षं ते दर वार्षिक निवेदनाला येत होते, ऐकलं मात्र त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा. “प्राचार्य, काय लफडा आहे सांगा ना नीट. जागाच पायजे ना? आमची व्यायामशाळा संध्याकाळी घ्या. पोरं सकाळी जोर काढतील. आपला करार हाय ना?”

“त्या करारात तुम्ही काहीच करायचं नव्हतं,” सर म्हणाले.

“मग? जास्तीचं करतो. केस टाकताय काय माझ्यावर?”

जूनमध्ये व्यायामशाळेत वर्ग भरला. परीक्षा मुलांनी बाहेरून फॉर्म भरून द्यायची, शिकवायचं निवृत्त सरांनी आणि कॉलेज सुटल्यावर मी. मुद्गल भिंतीला टेकवून ठेवले, लाँड्रीवाल्याच्या चादरी लाल मातीवर अंथरल्या आणि सुजाता पहिल्या रांगेत बसली. मी रिवाजाप्रमाणे फोन काढला, तर सर म्हणाले, “नको हो. फोटो नको.” तेवढ्यात गावडेमामांनी पिशवीतून तोच नारळ काढला. आता कपाट सरांचं नव्हतं, म्हणून त्यांनी तो आपल्या हिशेबाने सेवानिवृत्त करून आणला होता. परबांनी उंबऱ्यावर फोडला. मला वाटलं, कुजका निघेल. आतून अखंड गोटा निघाला, पांढरा, तेलकट, खडखडीत. सुजाताने तुकडे करून साखरेबरोबर वाटले. इतकं गोड खोबरं मी पुन्हा खाल्लं नाही.

आजही वर्ग चालतो. सर आता काठी घेऊन येतात. कॉलेजात नवे प्राचार्य आहेत. त्यांचं निवेदन रंगीत असतं आणि ते मी लिहीत नाही. परवा सरांनी दारात उभं राहून विचारलं, “काय म्हणतंय कॉलेज?”

“सगळं उत्तम चाललंय,” मी म्हणालो. “निवेदनात तसं आहे.”

“अरेरे,” सर म्हणाले, “इतकं वाईट?” आणि हसता हसता रस्त्याकडे वळले. कामावरून सुटलेला कोणी एक मुलगा घाईने येत होता. सर त्याला म्हणाले, “या. दमलात का?”