डोंगरीवर छापलेल्या बातम्या

पत्रकाराकडे किस्से फार असतात, असं लोक म्हणतात. असणारच! जे छापून येतं ते दुसऱ्या दिवशी भज्यांच्या पुडीला लागतं आणि लिहिणाराही ते विसरतो. जे छापून येत नाही ते आपल्याबरोबर घरी येतं आणि तिथेच राहतं. माझ्या डोक्यात आता तेवढंच उरलंय.

आम्ही चौघं मूळचे रायपूरच्या एका हिंदी दैनिकातले; मी पुढे दुसऱ्या पेपरात गेलो, दोस्ती राहिली. कुसुमताई शहर आणि दवाखाने बघायच्या. त्यांचं घराणं भोसल्यांच्या काळापासून तात्यापारा या जुन्या मोहल्ल्यात. गुलाब फोटोग्राफर, मराठी सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीत देतो. मधू बोकडे डेस्कचा प्रमुख. वडील वर्ध्याहून रेल्वेत आलेले. कोणती बातमी लागणार, किती लागणार आणि लागणार की नाही, हे बोकडे बघायचा. चौथा मी. माझं काम भांडणं.

*

सुरुवात कुसुमताईंच्या साठीपासून झाली. त्या ऑफिसात साठावा वाढदिवस म्हणजे शाल, नारळ, केक आणि त्याच संध्याकाळी ओळखपत्र परत. तुमचं आयुष्य साजरं करतात आणि लगेच गेटबाहेर काढतात!

कुसुमताई म्हणाल्या, "शाल मालकांनाच पांघरा. मला डोंगर चढायचा आहे."

शहरापासून तासाभरावर एक डोंगरी आहे. गावातले लोक तिला नुसतं डोंगरीच म्हणतात.

बोकडे म्हणाला, "काहून त्याच डोंगरीवर? दुसरी टेकडी नाही का?"

"रायपूरला दुसरी टेकडी आण ना तू, मी तिच्यावर चढते!"

पहाटे निघालो. वर पोचल्यावर ताईंना धाप लागलेली. मग पदराच्या टोकाने तोंड पुसून त्यांनी एक बातमी पाठ म्हणून दाखवली. एका दवाखान्यातल्या बाळांच्या वॉर्डात रात्रभर वीज नव्हती, त्याची. फार वर्षांपूर्वी लिहिलेली, कधीच न लागलेली. बाळांची संख्या सांगताना त्यांचा आवाज फुटला.

बोकडेने सवयीने हात वर केला आणि ओरडला, "छापलं!"

आम्हीही ओरडलो. ताई रडल्या आणि हसल्याही. तिथेच नियम ठरला. ज्याची साठी, त्याने वर येऊन आपली मारलेली, म्हणजे छापू न दिलेली, बातमी सांगायची. बाकीच्यांनी एकेक करून "छापलं" म्हणायचं. सगळ्यांनी म्हटल्याशिवाय साठीवाल्याने खाली उतरायचं नाही.

*

दीड वर्षाने गुलाबची साठी.

तो म्हणाला, "मैं क्या सुनाऊँगा, भैया? मेरे पास तो शब्द ही नहीं हैं."

वर गेल्यावर त्याने बॅगेतून फोटोची एक चिंचोळी पट्टी काढली. वीतभर रुंद, हातभर उंच. पट्टीत पाच म्हातारी माणसं एकामागे एक जमिनीवर बसलेली. एकाच्या हातात जमिनीचे कागद. नव्या राजधानीच्या कुठल्याशा भूमिपूजनाचा फोटो होता तो.

"बाकी फोटो कुठे आहे?" मी विचारलं.

"बाकी तो आपने पेपर में देख लिया. जो काटा था, बस वही लाया हूँ."

"कापला कोणी?"

"मी," बोकडे म्हणाला. "चार कॉलममध्ये बसून नव्हता राहिला!"

आम्ही हसलो. गुलाबही हसला. "छापलं" मात्र बोकडेने सगळ्यांत शेवटी म्हटलं.

*

खाली पायथ्याशी एक बाई चहा विकते. दर वेळी आम्हाला बघून विचारायची, "आज काकर जनमदिन हे?" आज वाढदिवस कोणाचा?

मी एकदा समजावून सांगितलं की आमच्यात साठ वर्षं झाली की डोंगरी चढतात.

"हव," ती म्हणाली. "हमन तो रोज चढ़थन." त्या रोजच चढतात. गिट्टी, म्हणजे खडी, फोडायला. त्यांना कोणी शाल देत नाही!

तोवर डोंगरीची मागची बाजू दगड भरडणाऱ्या क्रशरवाल्यांनी अर्धी खाल्ली होती. नवी राजधानी बांधायची तर दगड कुठून तरी येणारच, असं आमच्याच पेपरच्या अग्रलेखात वाचलेलं. आम्ही चढायचो ती पायवाट दर खेपेला थोडी पुढे सरकलेली असायची, कारण मागची जमीनच गेलेली.

चहावालीने ग्लास हातात देत विचारलं, "पहिली तुंहर जनमदिन सिराही, के ये डोंगरी?" आधी काय संपणार, तुमचे वाढदिवस की ही डोंगरी?

गुलाबने तिचा फोटो काढला.

*

हा किस्सा मी गावभर सांगितलेला आहे. तरी परत सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

गोष्ट जुनी, राज्य नुकतंच वेगळं झालेलं. या डोंगरीच्या मागच्या खाणीत कडा कोसळला आणि एक मजूर बाई दगडांखाली गेली. मी तिथे जाऊन आलो. तेव्हा आम्ही हाताने लिहायचो. संध्याकाळी सहाच्या आत माझी कॉपी डेस्कवर होती.

सकाळी पेपर उघडला. बातमीच्या जागी अर्धं पान जाहिरात! क्रशरवाल्यांच्या संघटनेकडून एका नेत्याला पन्नासाव्या वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा. हार घातलेला फोटो आणि खाली शुभेच्छुकांची अठ्ठावीस नावं.

मी तसाच मालकांच्या केबिनमध्ये घुसलो. "बातमी का मारलीत?"

मालक चष्मा काढून म्हणाले, "कौन सी ख़बर? मैंने तो देखी ही नहीं."

मी त्यांच्या टेबलावर राजीनामा ठेवला. बाहेर येताना म्हणालो, "निदान खोटं तरी नीट बोला!" पुढे कित्येक वर्षं मालकांच्या त्या वाक्याची मी नक्कल करायचो. शंकर नगरच्या टपरीवर लोक पोट धरून हसायचे. दुसऱ्या पेपरात माझी सोय कोणी केली? बोकडेने. घरी येऊन म्हणाला, "विन्या, मी शब्द टाकला आहे. सोमवारपासून जा." असा मित्र मिळायला नशीब लागतं, असं मी बायकोला सांगितलं होतं.

*

माझी साठी आली तेव्हा कोणती बातमी सांगायची याचा प्रश्नच नव्हता. मूळ कॉपी माझ्याकडे नव्हती, पण डोंगरीवर उभं राहून, खालच्या खाणीकडे बोट दाखवत मी पंधरा मिनिटं बोललो. मी कसा आत शिरलो, मुकादमाने मला कसं अडवलं, मी त्याला काय सुनावलं, मालक कसे गप्प झाले. आवाज चढला होता. मजा येत होती, खरं सांगतो.

बोकडे सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत मोठ्याने ओरडला, "छापलं! पहिल्या पानावर छापलं!"

गुलाबने म्हटलं. कुसुमताई थांबल्या.

"विनायक, या बातमीत तू किती वेळा आलास रे?"

"ताई, मीच होतो ना तिथे!"

"आणि ती बाई? तिचं नाव काय?"

नाव बातमीत होतं. मीच विचारून लिहिलं होतं. आठवेना.

"आठवेल," मी म्हणालो.

ताईंनी "छापलं" म्हटलं, पण हळू. बोकडे खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. ती सुटलेली मी पाहिली नव्हती.

*

बोकडेची साठी या वर्षी झाली. गुडघा कामातून गेलेला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, त्यांना नका नेऊ. आठ दिवस झाले, रात्री झोपून नाही राहिले ते." पण तोच हट्टाला पेटला. चाळीस मिनिटांची चढण आम्ही दोन तासांत चढलो. गुलाब एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला. मध्येच थांबून तो म्हणाला, "विन्या, हात सोडू नको बा." मी म्हणालो, "सोडतो कशाला!"

वर आता बसायला एकच मोठा दगड शिल्लक आहे. त्याच्या चार पावलं पलीकडे सरळ खाली खाण.

बोकडे बसला नाही. खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. पिशवीत एक घडी केलेला, पिवळा पडलेला कागद. त्याने तो उघडला आणि मला लांबूनच अक्षर ओळखता आलं. माझं होतं. वर कोपऱ्यात लाल पेनाने "रोकें", म्हणजे थांबवा, असं लिहिलेलं आणि खाली सही. डेस्कवर ती सही एकच माणूस करायचा.

तो वाचायला लागला. बातमी लहान होती, मला वाटायची त्याच्या पावही नाही. मी तीत कुठेच नव्हतो. "मृत महिला का नाम मनटोरा बाई है," बोकडेने वाचलं. "उसकी बासी का डिब्बा पेड़ पर टँगा मिला." एवढंच. दुपारसाठी आणलेला तिचा भाताचा डबा झाडाला तसाच लटकत होता. हे मी लिहिलं होतं आणि विसरलो होतो.

त्याने कागदाची घडी केली.

"मालकाचा फोन आला होता?" मी विचारलं.

"नाही."

"जाहिरातवाल्यांचा?"

"कोणाचाच नाही. जाहिरात पानावर लागलेली दिसली. म्हटलं, फोन येईल. म्हणून येण्याच्या आधीच बातमी काढली."

"आणि मग आला?"

"नाही ना आला, विन्या."

वारा होता. कुसुमताईंनी दगडावर हात ठेवून, खाणीकडे बघत म्हटलं, "मनटोरा बाई. छापलं."

गुलाब म्हणाला, "छापलं." मला वाटतं, मराठीत तो हा एकच शब्द बोलतो.

मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. बोकडे बघत नव्हता. नियम त्याला ठाऊक होता: माझं "छापलं" आल्याशिवाय उतरायचं नाही.

"घाई नको करू," तो म्हणाला. "हा गुडघा तसाही उतरायला नाही म्हणून राहिला."

गुलाबने ताईंना हात दिला आणि ते दोघं चहाला खाली गेले. ऊन चढलं. नऊ वाजता क्रशर सुरू झाला. आम्ही दोघं वरच होतो.