खैरूनबीच्या अंगठ्याचा दावा

उदगीरकर वकिलांनी तिसरी बांगडी फोडली तेव्हा हसू आवरायला मी टेबलाखाली स्वतःच्याच पायावर पाय दिला. मोठा माणूस. इन्शुरन्स कंपन्यांच्या केसेस लढवण्यात केस पांढरे झालेले. आणि ते भर कोर्टात, काळा गाऊन सावरत, कोर्टाच्या टायपिस्ट कांबळेबाईंच्या हातात काचेची हिरवी बांगडी चढवायला बघत होते. बांगडी अंगठ्याच्या हाडापर्यंत जायची आणि पुढं सरकायचं नाव घ्यायची नाही.

"काका, दुखतंय," कांबळेबाई म्हणाल्या.

"सावकाश होऊ द्या, वकीलसाहेब," जजसाहेब म्हणाले.

गोष्ट इथवर कशी आली ते सांगतो.

लातूर जिल्हा नवा नवा झाला होता. जिल्हा कोर्टही नवंच. खुर्च्या कमी, वकील जास्त, आणि निम्म्या फायली अजून जुन्या जिल्ह्यातून ट्रकनं येत होत्या. त्यात दुष्काळ. गावोगाव पाण्याचे टँकर सुरू झालेले. अहमदपूरजवळच्या एका वस्तीवर टँकर आला, लोक घागरी घेऊन धावले आणि ड्रायव्हरनं मागं न बघता गाडी रिव्हर्स घेतली. खैरूनबी हौदाच्या कठड्यावर हात टेकून उभी होती. तिचा उजवा अंगठा टँकर आणि कठडा यांच्यात सापडला. हाड जुळलं, पण अंगठा ताठ राहिला.

खैरूनबी मनियारीण. वीस वर्षं डोक्यावर टोपली घेऊन खेडोपाडी बांगड्या भरणारी. नवरा वारलेला, घरात कमावणारी ती एकटीच. पहिल्या भेटीत ती रडली नाही. "वकील सायब, अंगठाच गेला तर मी कशाची मनियारीण?" एवढंच म्हणाली.

आता थोडा कायदा. गाडीच्या अपघाताची भरपाई ट्रिब्युनल ठरवतं, आणि आमच्याकडे जिल्हा न्यायाधीश हेच ट्रिब्युनल. चूक ड्रायव्हरची असली तरी पैसे बहुतेक वेळा गाडीचा विमा उतरवलेली कंपनी भरते, म्हणून समोर कंपनीचा वकील. इथं चूक कुणाची यावर वादच नव्हता. वाद होता नुकसान किती, यावर. डॉक्टर सर्टिफिकेट देतात, शरीराचं अपंगत्व इतके टक्के. खैरूनबीचं आलं आठ टक्के. पण ते शरीराचं. कमाईचं नुकसान वेगळं मोजायचं असतं. माझा अंगठा ताठ झाला तर मी डाव्या हातानं सही करीन आणि फी तेवढीच घेईन. मनियारणीला ती सोय नाही. हे पटवून देणं माझं काम.

त्यात मीच घाण करून ठेवलेली. अर्जात व्यवसायाच्या रकान्यात माझ्या कारकुनानं 'घरकाम' लिहिलं. बाईमाणूस म्हटलं की तेव्हा सगळेच तसं लिहायचे. मी न वाचता सही ठोकली. नंतर दुरुस्ती करून घेतली, पण उदगीरकरांच्या हातात आयतं कोलीत गेलं.

"हा धंदा मागाहून सुचलेला आहे, साहेब," ते म्हणाले. "आणि असला तरी दुष्काळात बांगड्या घेतंय कोण?"

खैरूनबी साक्षीच्या पिंजऱ्यातूनच बोलली. "घेत्यात की. पोटाला चिमटा काढत्याल, पर लेकीचे हात मोकळे ठिवत न्हाईत."

"शिवाय बांगडी भरणं ही काय विद्या आहे, साहेब? कुणीही भरेल."

जजसाहेब नागपूरकडचे, कमी बोलणारे. त्यांनी चष्मा काढला. "कुणीही?"

"कुणीही, साहेब."

"मग तुम्हीच भरून दाखवा."

पुरावा म्हणून मी खैरूनबीची टोपली कोर्टात आणलेलीच होती. कांबळेबाईंना हरकत आहे का विचारलं, तर त्या टाइपरायटर सोडून इतक्या लगबगीनं आल्या की नाही म्हणायचा प्रश्नच उरला नाही. बघता बघता शेजारच्या कोर्टातले वकील दारात जमले. मी तर मनातल्या मनात केस जिंकून पेढे वाटायला लागलो होतो.

आणि तेवढ्यात माझी अशील पिंजऱ्यातून खाली उतरली.

"सोडा सायब. बाईचा हात हाय, कुलूप न्हाई." तिनं कांबळेबाईंना फरशीवर समोर बसवलं, त्यांच्या पंजाकडे एकदाच बघितलं आणि टोपलीतून दुसऱ्या मापाची लड काढली.

हिनं बांगड्या भरल्या तर दावा संपला. मी ताडकन उठलो. "ऑब्जेक्शन, साहेब."

"कुणाच्या विरुद्ध?"

"माझ्या अशिलाच्या."

सगळं कोर्ट हसलं. "बसा," जजसाहेब म्हणाले.

खैरूनबीनं पाणी आणि साबण मागितला. पाणी कुठलं? कोर्टाचा माठ सकाळीच कोरडा पडलेला. जजसाहेबांनी स्वतःचा प्यायचा ग्लास पुढं सरकवला. तिनं डाव्या हातानं कांबळेबाईंचा पंजा दाबला आणि त्या ताठ अंगठ्यानं बांगडी रेटायला सुरुवात केली. पहिली फुटली. दुसरी फुटली. तिसरी गेली. तिच्या कपाळावर घाम आला, पण ती थांबेना. सहा झाल्या, सात झाल्या. पट्टेवाला "शांतता" म्हणून ओरडला आणि मग स्वतःच मोठ्यानं "आठ" म्हणाला. बारावी चढली तेव्हा दारातल्या वकिलांनी टाळ्या वाजवल्या.

"झालं," उदगीरकर म्हणाले. "डझनभर भरल्या. आता कसला दावा?"

मी खैरूनबीजवळ जाऊन दबक्या आवाजात म्हणालो, "चाची, हे काय करून बसलात?"

"अर्धा हात भरून गिऱ्हाईक उठवायची रीत न्हाई, वकील सायब."

जजसाहेब मात्र कांबळेबाईंच्या हाताकडे बघत नव्हते. ते फरशीकडे बघत होते.

"बाई, तुमच्या हातून फुटल्या किती?"

तिनं आपल्या बाजूचे तुकडे चाचपले. "अकरा."

"त्याचे पैसे कांबळेबाईंनी द्यायचे का?"

"या अल्ला, न्हाई. भरताना फुटली ती मनियारणीची. गिऱ्हाईकाकून भरल्या तेवढ्याचंच घ्यायचं."

"आणि अंगठा चांगला होता तेव्हा किती फुटायच्या?"

"डझनाला एखांदी. कंदी ती बी न्हाई."

"आज पाऊण तास लागला. तेव्हा?"

"पुढ्यातला च्या निवायच्या आत हात भरायचा, सायब."

"हे सगळं रेकॉर्डवर घ्या," जजसाहेब म्हणाले. कांबळेबाई उठून टाइप करायला बसल्या आणि बांगड्यांच्या आवाजात टाइपरायटरचा आवाज ऐकू येईना.

मी अहमदपूरचा. माझी आई जन्मभर आमच्या ओसरीवर मनियारणीकडून बांगड्या भरून घेत आली, आणि फुटलेली बांगडी कुणाच्या अंगावर पडते हे मी कधी विचारलं नव्हतं. नागपूरच्या माणसाला ते पाऊण तासात सुचलं. लाज वाटली, आणि त्याहून कितीतरी जास्त आनंद झाला.

निकाल पुढच्या महिन्यात लागला. शरीराचं नुकसान आठ टक्के असलं तरी कमाई निम्म्याहून जास्त बुडाली, असं ट्रिब्युनलनं धरलं आणि भरपाई त्या हिशेबानं दिली. मी व्हरांड्यात खैरूनबीला रक्कम सांगायला लागलो, तर तिनं मला मधेच थांबवलं.

"ते ऱ्हाऊ द्या. माझं काम काय म्हून लिवलंय?"

मी वाचलं. "अर्जदार ही कुशल कारागीर आहे."

"परत वाचा."

परत वाचलं. मग तिनं कोपऱ्यात पान लावत उभ्या असलेल्या उदगीरकरांकडे मान वळवली. "आता जरा जोरात. त्यानला बी ऐकू जाऊ द्या."

उदगीरकरांनी ऐकलं, पान तोंडात टाकलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "फी कंपनीकडून घेतली," ते म्हणाले, "आणि साक्ष तुमच्या बाजूनं देऊन बसलो."

तेव्हापासून मी नव्या अशिलाला कुठं दुखतंय हे नंतर विचारतो. आधी विचारतो, तुमचं काम कसं चालतं ते सांगा, पहिल्यापासून. आणि त्याचं सांगून होईपर्यंत तोंड उघडत नाही. वकिलाला यातलं दुसरं जड जातं.