पटवारीकाकांची आणेवारी

आमच्या पटवारीकाकांइतका माणसाला घोर लावणारा सज्जन अख्ख्या बऱ्हाणपुरात दुसरा नव्हता. ते आमच्या शेजारी राहायचे. तापीकाठच्या गावांतली पिकं पाहून त्यांची आणेवारी लावण्यात त्यांची सारी नोकरी गेली. सोळा आणे म्हणजे भरघोस पीक, चार आणे म्हणजे हातचं गेलंच समजा. नोकरी संपली, पण खोड काही गेली नाही. काकूंचं वरण अकरा आणे, शाळेचं संमेलन सात. एक मात्र होतं. चारी बांध फिरून आल्याशिवाय ते शेताचा आकडा सांगत नसत, आणि हाच नेम त्यांनी जगातल्या सगळ्या गोष्टींना लावला होता. शाहपूरच्या एका लग्नात त्यांनी नवरदेवाभोवती सावकाश एक फेरी मारली आणि "नऊ आणे" म्हणाले. वरमाय शेजारीच उभी होती. त्या पंगतीत आमच्या पानात दुसऱ्यांदा जिलबी पडली नाही.

राज्यांची फेरवाटणी झाली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी इंटर पास झाले. नागपूर ही आमची राजधानी होती, आणि तिथे जाऊन डॉक्टर व्हायचं हे मी लहानपणापासून धरून बसले होते. सरकारने रेघ ओढली, नागपूर मुंबई राज्यात गेलं, आमची राजधानी भोपाळ झाली. मी होते तिथेच होते, पण नागपूरच्या कॉलेजात परराज्यातली ठरले. परराज्याच्या जागा बोटांवर मोजण्याइतक्या. त्यातच जळगावचं एक स्थळ होकारासाठी मागे लागलेलं. नागपूरहून पत्र आलं तर डॉक्टरी, नाहीतर जळगाव, असं घरात न बोलता ठरलं होतं.

नागपूरला जागा मिळेल का, हे मी काकांना विचारायला गेले. "चार आणे धर, बेटा," ते सुपारी कातरत म्हणाले. मी घरी येऊन रडले आणि पंधरा दिवस त्यांच्या ओट्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पोस्टमनच्या सायकलची घंटा वाजली की मी दाराकडे धावायचे. जळगावहून दोन पत्रं आली, मग मुलाचे मामा स्वतःच येऊन बैठकीत बसले. मी दाराआड उभी. बाबा आता हो म्हणणार, याबद्दल मला शंकाच नव्हती. बाबा म्हणाले, "अजून आठ दिवस थांबा. आमच्या पटवारींनी बारा आणे सांगितलेत." मामा पोहे तसेच टाकून उठले आणि आम्हाला थांबायला वेळ नाही म्हणून निघून गेले. म्हणजे आता जळगावही गेलं होतं.

पत्र सहाव्या दिवशी आलं. जागा मिळाली होती. ते हातात घेऊन मी आधी काकांकडे धावले आणि कडाकडा भांडले. मला चार, बाबांना बारा, मग खरी आणेवारी किती होती?

काकांनी चष्मा काढून पुसला. "तू आस लावून बसू नये आणि तुझ्या बाबांनी घाई करू नये, एवढंच पाहिलं मी. बाकी नागपूर मी कुठे पाहिलंय, बेटा? शेत न बघता लावलेली ती एकच आणेवारी."

डॉक्टर होऊन मी बऱ्हाणपुरातच परतले. पुष्कळ वर्षांनी काका अंथरुणाला खिळले. मी छाती तपासली, पाठ तपासली, बाहेर जाऊन काकूंशी बोलले आणि परत आत आले.

"काकूला किती सांगितलेस?" त्यांनी विचारलं.

"बारा आणे."

ते हसले आणि त्या हसण्यानेच त्यांना धाप लागली. "आणि मला?"

या माणसावर माझा फार जीव होता आणि ते मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. तेव्हाही सांगता आलं नाही. मी उगीचच पलंगाला वळसा घालून पलीकडे गेले, त्यांची उशी सरळ केली आणि पायाशी येऊन पांघरूण नीट केलं.

"असू दे," काका डोळे मिटून म्हणाले. "चारी बांध फिरलीस ना, पुरे झालं."